एक पिस्तूल की दोन, आणि माझी परिग्रहाची वही



यंदा दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मी माझी परिग्रहाची वही काढली आणि एकाच ओळीपाशी अर्धा तास बसून राहिले. वही साधी, दोनशे पानी. सोनं किती तोळे, रेशमी साड्या किती, भांडी, गाड्या, शेत किती एकर, असं सगळं त्यात लिहिलेलं आहे आणि प्रत्येकापुढे मर्यादेचा आकडा. 2022 च्या चातुर्मासात कारंज्याला माताजींकडून परिग्रह-परिमाण व्रत घेतलं, तेव्हापासून ती ठेवते. साड्यांच्या ओळीत खाडाखोड आहे, ते तुम्ही समजून घ्याल. मी अडले ते ‘शस्त्र: एक’ या ओळीपाशी.

जैनाच्या वहीत ही ओळ आली कशी, ते आधी सांगते. 2018 च्या ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धा चालल्या होत्या. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्याच स्पर्धेत सौरभ चौधरी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने 10 मीटर एअर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. आमचा मुलगाही तेव्हा सोळाच वर्षांचा होता. फुलसावंगीत बसून टीव्हीवर हे बघताना त्याच्या डोक्यात जे शिरलं ते आजवर निघालेलं नाही.

सुरुवातीला एअर पिस्तूल होतं. हवेच्या दाबाने 4.5 मिलिमीटरचा छर्रा सुटतो, परवाना लागत नाही, आवाजही फार नाही. मी मनाला समजावलं, खेळणंच आहे. पुढे तो शिकायला पुण्याला गेला, बालेवाडीला सराव करू लागला आणि 25 मीटरकडे वळला. तिथे खरी काडतुसं असतात. परवान्याला एकवीस वर्षं पूर्ण लागतात, तोवर क्लबच्या पिस्तुलावर भागवलं. 2023 मध्ये त्याचा परवाना झाला. त्याआधी पोलीस घरी चौकशीला येऊन गेले, आणि आमच्या गल्लीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. जाऊबाईंनी तर सरळ विचारलं, ‘मुंगी वाचवायला अंगण बघून झाडतेस, आणि पोराच्या हातात बंदूक देतेस?’

उत्तर माझ्याकडे नव्हतं. रत्नकरंड श्रावकाचार आम्ही स्वाध्यायात दोनदा वाचला आहे. आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यात एक हिंसादान. हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. यादीत कुऱ्हाड आहे, तलवार आहे, कुदळ आहे, अग्नी आहे, आयुध आहे. आणि विष आहे. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा सरकन काटा आला होता, कारण आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत आणि तेव्हा कीटकनाशकंही. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. आमच्याकडून बाटली नेलेला एक जण आठ दिवस दवाखान्यात होता. तो वाचला. पण त्याची बायको दुकानात उधारी द्यायला आली तेव्हा मी तिच्याकडे बघू शकले नाही. पुढच्या हंगामापासून आमच्या ह्यांनी औषधं बंद केली. गिऱ्हाईक निम्मं तुटलं. तेव्हा गल्लीत कोणी काही विचारलं नव्हतं.

म्हणून पिस्तुलावर चर्चा सुरू झाली की मी फार बोलत नाही. त्याची गोळी कागदाला भोक पाडते. आमच्या बाटलीने काय केलं ते मला माहीत आहे. तरीही पिस्तूल निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. ते ज्या कामासाठी जन्माला आलं ते काम कोणतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या चोरीला गेलं तर कागदावर थांबेल का? आणि नेमबाजी म्हणजे ध्यानच, असं जे हल्ली ऐकू येतं तेही मला पटत नाही. श्वास दोन्हीकडे रोखतात, एवढंच साम्य.

भीतीही होती. 2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच गावातला चोवीस वर्षांचा मुलगा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते लागून गेला. साऱ्या देशाच्या बातम्यांत फुलसावंगीचं नाव आलं ते तेव्हा. पोराच्या हातात यंत्र दिसलं की मला अजून तो दिवस आठवतो.

असो. तर 2023 मध्ये पिस्तूल आलं, पॉइंट टू-टूचं, आणि मी वहीत ‘शस्त्र: एक’ लिहून मर्यादा तिथेच घातली. मालक तो, परवाना त्याचा; पण पैसे घरातले, आणि तो सुट्टीला आला की पेटी माझ्याच कपाटात कुलूपबंद राहते. माझ्या छपराखाली आहे ते मी मोजते.

वर्षभराने त्याने दुसऱ्याचा विषय काढला. पुरुषांच्या 25 मीटरमध्ये स्टँडर्ड पिस्तूल आणि रॅपिड फायर हे प्रकार पॉइंट टू-टूवर होतात. पण सेंटर फायर नावाचा एक प्रकार आहे, त्याला मोठं काडतूस लागतं, बहुतेक जण पॉइंट थ्री-टू वापरतात. साठ गोळ्या. पहिल्या तीस सावकाश, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. पुढच्या तीस गोळ्यांना लक्ष्य तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद फिरून जातं, आणि त्या तीन सेकंदांत हात उचलून एकच गोळी मारायची. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही. मी लगेच म्हटलं, मग कशाला हवा? तर त्याने जसपाल राणांचं नाव घेतलं. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत त्यांनी अंगात ताप असताना सेंटर फायरमध्ये 590 गुण करून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत हा प्रकार आहे, आणि पोराचा हात मोठ्या काडतुसाला बसतो असं त्याचे प्रशिक्षक म्हणत होते.

आता खरा प्रश्न. अशी स्पर्धेची पिस्तुलं आहेत की ज्यांची खालची फ्रेम, मूठ आणि ट्रिगर तेच राहतात, आणि वरचा नळी-स्लाइडचा भाग आणि मॅगझिन बदललं की टू-टूचं थ्री-टू होतं. जर्मनीचं वाल्थर जीएसपी, स्वित्झर्लंडचं हॅमर्ली एसपी-20 ही त्यातली गाजलेली नावं. त्याचं पिस्तूल त्याच धाटणीचं होतं. म्हणजे दोन रस्ते होते. एक तर त्याच फ्रेमवर थ्री-टूचा संच घ्यायचा, नाहीतर वेगळं अख्खं पिस्तूल.

मला हे मिक्सरवरून समजलं. एक मोटर आणि तीन भांडी. चटणीचं काढा, दळणाचं लावा. आणि नेमबाजाला यात मोठा फायदा आहे. मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते, ती हाताच्या मापाने तासून, कुठे लांबी भरून, महिना-महिना बसवावी लागते. आमच्या पोराने अंगठ्याखालचा एक उंचवटा तीन वेळा तासला आणि दोनदा परत भरला. ट्रिगरचं वजन दोन्ही प्रकारांत किमान 1000 ग्रॅम लागतं, म्हणजे तोही एकदा लावला की लावला. हात एकच मूठ ओळखतो, बोट एकच ट्रिगर. संच अख्ख्या पिस्तुलाहून स्वस्त पडतो, फार नाही पण पडतो.

प्रशिक्षकांचं मत उलट होतं. थ्री-टूचा झटका जास्त, तो रोज त्याच फ्रेमला बसणार, झीज लवकर. वरचा भाग बदलला की तोल बदलतो, त्यामुळे ‘तीच मूठ’ हा फायदा वाटतो तेवढा पूर्ण नाही. आणि मुख्य म्हणजे फ्रेम बिघडली तर दोन्ही प्रकार बुडाले. त्यांनी मनू भाकरचं उदाहरण दिलं. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या एअर पिस्तूल पात्रता फेरीत तिच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. दुरुस्तीत मिनिटं गेली आणि ती अंतिम फेरीत पोचली नाही. त्याच मुलीने 2024 मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदकं आणली, पण टोकियोची ती मिनिटं काही परत आली नाहीत.

मी मत दिलं संचाच्या बाजूने. कारणं मोठ्याने सांगितली ती पैशाची आणि मुठीची. खरं कारण वहीत होतं. संच घेतला तर पिस्तूल एकच राहत होतं. ‘शस्त्र: एक’. मर्यादा शाबूत, आणि जाऊबाईंना सांगायला तोंड. मुलाने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं असणार, कारण तो लगेच म्हणाला, ‘बरं आई, संचच घेऊ.’ त्याच्या बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मी खूश झाले. संचासाठी कापडी पिशवी शिवली, जुन्या रजईचा कापूस घालून, दोन कप्प्यांची. एक टू-टूच्या भागासाठी, एक थ्री-टूसाठी. बाजारात चामड्याच्या पिशव्या मिळतात, त्या मी घरात येऊ देत नाही.

परवान्यावर संचाची नोंद करायची वेळ आली तेव्हा पहिला खडा लागला. शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. नळी नुसती नळी म्हणून घरात आणता येत नाही, तिची रीतसर नोंद लागते. सामान्य माणसाची मर्यादा 2019 च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आली. खेळाडूंना वेगळी सवलत आहे. 2020 च्या फेब्रुवारीत ती वाढवली, तेव्हा उमेदवारीतल्या नेमबाजाला एकाऐवजी दोन शस्त्रं ठेवता येऊ लागली. म्हणजे वेगळं पिस्तूल घ्यायला कायद्याने वाट मोकळी होती. अडवत होती ती माझी वही. आणि सरकार जी नळी मोजत होतं ती मी मोजत नव्हते. हे तेव्हा मनात आलं. मी ते बाजूला सारलं.

एका राज्य पातळीच्या स्पर्धेत सेंटर फायरच्या दिवशी, पहिल्या तीस गोळ्या चांगल्या गेल्या. दुसऱ्या भागात, तीन सेकंदांच्या मालिकेत, ट्रिगर मेला. आतली एक बारीक स्प्रिंग तुटली होती, फ्रेममधली. नियमाने दुरुस्तीला पंधरा मिनिटं मिळतात, नाहीतर त्याच प्रकारचं, त्याच कॅलिबरचं दुसरं पिस्तूल वापरता येतं. पंधरा मिनिटांत ती स्प्रिंग मिळणं शक्य नव्हतं. शेजारच्या एका मुलाने स्वतःचं पिस्तूल देऊ केलं. भला मुलगा. पण मूठ त्याच्या हाताची. आमच्या पोराचा अंगठा कुठे टेकावा तेच कळेना. उरलेल्या गोळ्या त्याने मारल्या, गुणांचं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडर्ड पिस्तूल होतं, पॉइंट टू-टू. वरचा भाग ठणठणीत, फ्रेम मेलेली. तो उभाच राहिला नाही. एका स्प्रिंगपायी दोन प्रकार आणि एक वर्ष गेलं.

मला फोनवर त्याने फक्त एवढंच सांगितलं की स्प्रिंग तुटली. आवाजात तक्रार नव्हती. ‘आई, तुझ्यामुळे’ असं म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं. मला एक जुनी दिवाळी आठवली. आदल्या रात्री मिक्सरची मोटर जळली होती आणि निर्वाण लाडूचं सगळं शेजारून दळून आणावं लागलं होतं. तीन भांडी ओट्यावर स्वच्छ धुतलेली, आणि काही उपयोग नाही. मिक्सरवरून सगळं समजलं म्हणणाऱ्या मला नेमकं तेवढं आठवलं नव्हतं.

यंदा माताजींच्या दर्शनाला गेले तेव्हा सगळं सांगितलं. वाटलं होतं, पिस्तूल या शब्दावरच थांबवतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘वही तुझी की त्याची?’ मी म्हटलं, माझी. ‘मग त्याच्या वस्तू त्यात कशाला? व्रत तू घेतलंस. निभावायला मुलाला लावलंस.’ पुढे त्या म्हणाल्या की शस्त्र घरात असणं त्यांना मुळीच आवडलेलं नाही, एक असो वा दोन, आणि ते त्या मुलालाच सांगतील, तो आला की. मला सोपी सुटका दिली नाही. मीही मागितली नाही असं म्हणवत नाही, मागितलीच होती.

दोन मी लिहायला तयार नव्हते, म्हणून दोनाचं एक करून घेतलं, हे मला आता नीट दिसतं. रात्रीचं जेवण सोडलेलं माणूस सूर्यास्ताआधी ताट वाढून ठेवतं आणि घड्याळाकडे बघत घास कोंबतं, तसलाच हा प्रकार. आपल्यात हे सगळ्या जणी थोडंफार करतो. साड्यांच्या ओळीतली खाडाखोड मी वर सांगितलीच.

मुलगा सुट्टीला आला तेव्हा ह्यांनी आणि मी त्याला सांगितलं, वेगळं घे. माझं मत विचारू नकोस, प्रशिक्षकांचं विचार. त्याने सहा महिने शोधून एका जुन्या नेमबाजाचं थ्री-टूचं पिस्तूल घेतलं, रीतसर हस्तांतर करून. मूठ नव्याने तासायला बसला, अंगठ्याखालचा उंचवटा पुन्हा पहिल्यापासून. थ्री-टूचा संच त्याच बनावटीचं पिस्तूल असलेल्या एकाला गेला, नोंदीसकट. आता टू-टूची फ्रेम टू-टूच खाते, झटका कमी, झीज कमी. सुट्या स्प्रिंगांची डबी दोन्ही पेट्यांत आहे. ती डबी माझी, केशराची रिकामी.

पैसे जास्त गेले का? गेले. कुणाच्या घरी हा प्रश्न आला तर मी एवढंच सांगेन की मूल नवं असेल, एकाच प्रकारात खेळणार असेल, तर एकच पिस्तूल पुरे, संचाचाही मोह नको. दोन प्रकारांत खरोखर उतरणार असेल तर दोन फ्रेम. मधला रस्ता कपाटाला सोयीचा आहे.

एक घरगुती गोष्ट राहिली, ती कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. काडतुसांत शिसं असतं, गोळीत आणि ठिणगीच्या मसाल्यातही. त्याची बारीक धूळ हातावर, कपड्यांवर बसते. सरावाहून आलं की आधी थंड पाण्याने आणि साबणाने हात-तोंड धुवायचं, मग पाण्याच्या तांब्याला हात लावायचा. रेंजवर काही खायचं नाही. ते कपडे बाळाच्या किंवा गरोदर सुनेच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. आपल्याकडे सोवळ्याची सवय असल्याने हे जमायला सोपं गेलं. पोराने मात्र पहिल्यांदा हसून घेतलं, ‘आता तुझं सोवळं शास्त्राने सिद्ध झालं.’

तर त्या दिवशी वही घेऊन बसले होते. ‘शस्त्र: एक’ ही ओळ खोडायची, की ‘दोन’ करायचं? माझ्या वस्तूंची वही आहे, तर त्याची पिस्तुलं त्यात नकोत, हे माताजींचं म्हणणं बरोबर. पण ओळच काढून टाकली तर कपाटातल्या पेट्यांकडे बघायचं मी बंद करेन, हेही मला माहीत आहे. शेवटी ओळ ठेवली. ‘शस्त्र’ या शब्दापुढे लिहिलं: ‘माझं, शून्य. माझ्या कपाटात, सुट्टीच्या दिवसांत, दोन.’ मर्यादेचा रकाना रिकामा सोडला आहे. माताजी त्याच्याशी बोलल्यावर बघू.

दोन कप्प्यांची पिशवी परत आली. थ्री-टूचा कप्पा रिकामा होता, त्यात त्याने कानातले बूच आणि नियमात लागणारा तो केशरी सुरक्षा-दोरा ठेवला आहे. नव्या पिस्तुलासाठी दुसरी शिवतेय, रजईचा कापूस अजून उरलाय.